बाईंची दोन अक्षरं

क्लासच्या बाई कुठलाही लॅपटॉप घ्यायचा ठरवण्याआधी त्याला हाक मारायच्या. दुकानातलं स्टूल पुढे ओढायचं, पदर कमरेला खोचायचा, लिहायचा प्रोग्रॅम उघडायचा आणि 'एन' आणि 'के' अशी दोनच अक्षरं टाइप करायची. मग स्पेसबार दाबून दोन्ही हात मांडीवर घ्यायचे आणि पडद्याकडे बघत बसायचं. मागे लॅपटॉप घ्यायला आलेलं कुटुंब अवघडून उभं. दुकानदारही गप्प. पडद्यावर काहीच व्हायचं नाही, ती दोन अक्षरं तशीच राहायची. थोड्या वेळानं बाई उठायच्या आणि म्हणायच्या, "चालेल. घ्या."

आमच्या गोडदेव भागात यावर बरीच मतं होती. कोणी म्हणे बाई मंत्र टाकतात, कोणी म्हणे त्या दोन अक्षरांत सगळा कीबोर्ड तपासला जातो. आमचे बाबा एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघायचे, त्यामुळे मंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "एक्स्पर्ट माणसाची एक ट्रिक असतेच," असं ते म्हणायचे. मी मात्र पहिल्यांदा तो प्रकार पाहिला तेव्हा मला ती ट्रिक वाटली नव्हती. कारण बाई मशीन तपासत नव्हत्या. बंद दार वाजवून आतून कोणी येतंय का हे ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, तसा त्यांचा झाला होता.

बाई मूळच्या मंडणगडकडच्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी पदरात, आणि टायपिंगच्या जोरावर त्यांनी मुंबईतून इकडे येऊन एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात क्लास काढला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एका ओळीत कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात आवरण घातलेले दोन जुने टाइपरायटर. ते कोणी वापरत नसे, तरी त्यांना रोज फडकं फिरायचं. बाई दाराकडे पाठ करून भाजी निवडत बसल्या तरी मागून त्यांना सगळं कळायचं. "तिसऱ्या मशीनवर कोण आहे? उजव्या हाताची करंगळी झोपलीय तुझी, उठव तिला." आणि ती खरंच झोपलेली असायची.

त्यांची दुसरी खोड म्हणजे प्रश्न. क्लासमध्ये पाऊल टाकलं की सुरू. "कुठून आलीस? एकटीच? जेवलीस का? काय जेवलीस? इथून कुठे जाणार? कोणाबरोबर? किती वाजता पोचणार?" एकाचं उत्तर देईपर्यंत दुसरा आलेला असायचा. आम्ही मुली त्याची टिंगल करायचो, पण खरं सांगायचं तर ते बरं वाटायचं. त्या विचारण्यात संशय नव्हता, काळजी होती. निदान आम्हाला तरी ती काळजीच वाटायची. आम्ही त्यांच्या मुली नव्हतो, दोन तासांनी घरी जायचो.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट. शाळांनी प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर लिहून, छापून मागायला सुरुवात केली होती आणि सायबर कॅफेत आम्हा पोरांची रांग लागायची. नवा लॅपटॉप आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा. मग मीरा रोडला स्टेशनजवळच्या गल्लीत जुने, ऑफिसांतून सुटलेले लॅपटॉप मिळायचे, तिकडे सगळ्यांचे पाय वळायचे. आणि जाताना बाईंना घेऊन जायचे. बाई एक पैसा घ्यायच्या नाहीत. रविवारची दुपार ठरलेली. रिक्षात बसल्या की त्यांचा वर्ग सुरू. "बिजागरी हलवून बघायची, ती सैल असली की वर्षात पडदा मान टाकतो. चार्जर कंपनीचाच हवा. बॅटरी दुकानात वायर काढून बघायची, घरी जाऊन नाही. आणि मुलांच्या अभ्यासाला मशीन जरा हळूच बरं. ते विचार करतं तेवढ्यात मुलंही करतात." एक गोष्ट त्या दुकानदाराला आवर्जून सांगायच्या: फॉरमॅट करू नका, म्हणजे आधीचं काही पुसू नका, नाहीतर लिहायचा प्रोग्रॅमही उडतो. लोकांना तेही पटायचं, कारण त्या प्रोग्रॅमची सीडी कोणाकडेच नसायची.

त्या रविवारच्या फेऱ्यांचं खरं कारण मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. बाईंची मुलगी सुजाता. आईच्याच हाताखाली टायपिंग शिकलेली, अंधेरीला एका ऑफिसात लागलेली. साठवलेल्या पगारातून तिनं स्वतःचा लॅपटॉप घेतला होता, तो रोज घेऊन जायची आणि घेऊन यायची. संध्याकाळी निघताना ती क्लासच्या कॉम्प्युटरवर मेल टाकायची, रोज तीच दोन वाक्यं, रोमन अक्षरांतलं मराठी: आई, निघाले. कुकर लाव. काही वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी तो मेल आला, बाईंनी कुकर लावला, आणि सुजाता आलीच नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ऑफिसात कोणाला काही माहीत नव्हतं. पोलिसांनी लिहून घेतलं आणि सज्ञान मुलगी आहे, येईल, असं सांगून पाठवलं.

बाईंनी त्यावर स्वतःपुरता एक हिशेब मांडला होता. माणूस सापडत नाही, पण मशीन विकलं जातं. विकलं गेलं की ते कधीतरी दुकानात येतं. ते सुजाताचंच आहे हे ओळखायची खूणही त्यांच्याकडे होती. क्लासमध्ये त्या प्रत्येकाला शॉर्टफॉर्म शिकवायच्या. लिहायच्या प्रोग्रॅममध्ये एकदा भरून ठेवलं की दोन अक्षरं टाइप करून स्पेस दाबायची, पूर्ण वाक्य आपोआप उमटतं. नियम एकच: जे वाक्य रोज लागतं त्यालाच दोन अक्षरं द्यायची. सुजातानं त्या मेलच्या वाक्याला 'निघाले'चा एन आणि 'कुकर'चा के, असं 'एन-के' दिलं होतं. ज्या मशीनवर 'एन-के' दाबल्यावर 'आई, निघाले. कुकर लाव' उमटेल, ते मशीन तिचं. एकट्या बाईला दुकानदार सगळी मशीनं उघडून दाखवणार नाही, गिऱ्हाईक घेऊन आलेल्या बाईला दाखवतो. म्हणून त्या अख्ख्या गोडदेवाच्या लॅपटॉप-एक्स्पर्ट झाल्या होत्या. मशीन गप्प राहिलं की 'चालेल, घ्या.' त्यांच्या दृष्टीनं ते मशीन बिनकामाचं ठरलेलं असायचं.

आणि कुकर. तो रोज संध्याकाळी लागायचा, दोघींच्या अंदाजानं. क्लासच्या मागच्या खोलीतून शिट्टी आली की जुन्या मुली मान खाली घालून जोरात टाइप करायला लागायच्या. मला कारण माहीत नव्हतं तेव्हाही ती शिट्टी मला आवडायची नाही.

आमच्या लॅपटॉपची वेळ मी नववीत असताना आली. मला प्रोजेक्ट, बाबांना घरी आणलेली ऑफिसची कामं, आणि आईला तिच्या बहिणीच्या लग्नाची सीडी बघायची होती. तीन माणसांच्या तीन गरजा आणि एकच मशीन. जिग्नेशभाईंच्या दुकानात आम्ही बाईंना घेऊन गेलो. जिग्नेशभाई गोरे, गोल, सतत बोलणारे. गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता आधीच्या गिऱ्हाइकाची सगळी कहाणी सांगून टाकायची त्यांना सवय होती. त्यांनी एक राखाडी लॅपटॉप काढला. "ये देखो, एकदम घर जैसा यूज़ हुआ है. चार्जर भी ओरिजिनल, बॅग भी." बाईंनी बिजागरी बघितली, वायर काढून बॅटरी बघितली. मग स्टूल ओढलं, दोन अक्षरं, स्पेस, हात मांडीवर.

काही झालं नाही.

"चालेल," बाई बाबांना म्हणाल्या. "घ्या, सावंत. मुलीच्या अभ्यासाला चांगलं आहे."

बाबांनी त्याच आठवड्यात मला बाईंच्या क्लासलाही घातलं. एका बोटानं टाइप करणारी मुलगी त्यांना बघवत नव्हती. क्लासमध्ये शॉर्टफॉर्म शिकले. अर्जाच्या शेवटी येणाऱ्या 'युवर्स फेथफुली'ला 'वाय-एफ', 'विथ रेफरन्स टू'ला 'डब्ल्यू-आर'. क्लासच्या सगळ्या मशीनवर बाईंनी तेच भरून ठेवलेले. एक दिवस शाळेसाठी सहलीच्या परवानगीचा अर्ज मी घरीच टाइप केला आणि शेवटी सवयीनं 'वाय-एफ' दाबून स्पेस मारली. 'युवर्स फेथफुली' उमटलं. मला वाटलं, सगळ्याच कॉम्प्युटरवर उमटत असेल. दुसऱ्या दिवशी बाईंना सहज म्हणाले, "बाई, आमच्या लॅपटॉपवर पण तुमचे शॉर्टफॉर्म चालतात."

बाई कोणाच्या तरी मनगटाची उंची सरळ करत होत्या. त्यांचा हात तिथेच थांबला. "कोणी भरले?"

"कोणीच नाही. आधीपासून आहेत."

 त्यांनी त्या दिवसाचा क्लास तिथेच सोडून दिला. भर संध्याकाळी, पूर्ण बॅच बसलेली असताना. कुकर लावायचा राहिला होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मला उगीचच भीती वाटली.

त्या माझ्याबरोबरच घरी आल्या. आईनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. बाबा नुकतेच ऑफिसातून आले होते. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा आमच्यासमोर सुजाताचं सगळं सांगितलं, दोन-चार वाक्यांत, परीक्षेचा फॉर्म कसा भरायचा ते सांगावं तशा सुरात. मग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. 'एन-के' दाबलं. काही नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसरी दोन अक्षरं दाबली, 'एच-जे'. पडद्यावर उमटलं: हो, जेवले.

आई माझ्या खांद्याला धरून मागे सरकली. मला अजून आठवतं, स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता आणि आम्हा कोणालाच तो बंद करायला जावंसं वाटत नव्हतं. पडद्यावर ते दोन शब्द आणि पुढे लुकलुकणारी काडी. पुढचं वाक्य येणार असावं अशी ती लुकलुकत होती.

"हे तिचंच मशीन आहे," बाई म्हणाल्या.

बाबा व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "बाई, ह्या शॉर्टफॉर्मची पूर्ण यादी प्रोग्रॅममध्येच असते ना? ती उघडली की सगळं एकदम दिसेल." त्यांनी हात पुढेही केला. बाईंनी तो हळूच बाजूला केला. "नको, सावंत. यादी उघडली की एका मिनिटात वाचून होईल. मग मी काय करू?"

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी यायला लागल्या. माझा अभ्यास झाला की लॅपटॉप त्यांच्याकडे जायचा. त्या डोळे मिटून आठवायच्या, सुजाता कुठल्या वाक्याला कुठली अक्षरं देईल याचा विचार करायच्या, आणि दाबायच्या. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. कधी ऑफिसचा पत्ता उमटायचा, कधी कुठल्याशा साहेबांचं नाव. पण कधी कधी ती बोलायची. दुसरा शब्दच नाही त्याला. 'ऑफिसातच आहे.' 'एकटीच आहे.' 'उशीर होईल, वाट बघू नको.' आमच्या घरात, आमच्या टेबलावर, जिला आम्ही कधी पाहिलंही नाही अशी मुलगी आईला उत्तरं देत होती. आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो. बाबा टीव्ही लावेनासे झाले. आई म्हणाली, "हे प्लँचेट झालं. मला हे घरात नको." पण बाई आल्या की दार तीच उघडायची आणि चहाही तीच ठेवायची.

मला त्याच मशीनवर भूगोलाचं प्रोजेक्ट करावं लागायचं, हे विसरू नका. एकदा नकाशाच्या टिपा टाइप करताना मी चुकून कुठली तरी दोन अक्षरं एकत्र मारली आणि खाडीच्या गाळाबद्दलच्या वाक्यामध्ये उमटलं: तू झोप. मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि दुपारच्या उजेडात गॅलरीत जाऊन उभी राहिले.

ही उत्तरं कसली आहेत, ते बाईंच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले. ते ज्या संध्याकाळी आलं तेव्हा मी समोरच बसले होते. त्यांनी 'पी-एस' दाबलं आणि 'पोचले की सांगते' आलं. बाई ते वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मधुरा, शॉर्टफॉर्मचा नियम काय?"

"जे वाक्य रोज लागतं त्यालाच दोन अक्षरं द्यायची."

"हं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रोज विचारत होते मी. जेवलीस का. कुठे आहेस. कोण आहे बरोबर. कधी येणार. दिवसभर मेल टाकायचे तिला. इतकं विचारलं की पोरीला उत्तरांचे शॉर्टफॉर्म करावे लागले."

 आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आईनं असं कोणाच्या पाठीवर हात ठेवताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

'एन-के'चा घोळ मात्र सुटत नव्हता. बाकीचे सगळे शॉर्टफॉर्म जागेवर आणि नेमका तोच नाही. बाई म्हणाल्या, शॉर्टफॉर्म आपोआप जात नाही. मेनूत जावं लागतं, तो शोधावा लागतो, पुसावा लागतो. चोरानं लॅपटॉप विकला असता तर सगळं पुसलं असतं किंवा काहीच पुसलं नसतं. तेव्हा रविवारी बाबा, बाई आणि मी जिग्नेशभाईंकडे गेलो आणि बाबांनी सरळ विचारलं, हे मशीन तुम्हाला विकलं कोणी.

जिग्नेशभाईंना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "अरे, एक लेडीज़ आई थी. मुँह पे स्कार्फ बाँधा हुआ था, धूप थी ना. मैं तो चाय पे उनको बाई की ही बात बता रहा था. कि हमारे यहाँ एक मॅडम आती है, हर मशीन पे एन-के दबाती है और बैठ के देखती है. सब हँसते हैं इस बात पे." ते स्वतःही थोडं हसले. "वो नहीं हँसी. पूछा, कौन से दो अक्षर? मैंने बोला, एन-के. तो बोली, दो मिनट लॅपटॉप वापस दो, एक चीज़ रह गई. इधर ही बैठी, इसी स्टूल पे. कुछ किया और दे दिया. पैसा भी नहीं झगड़ी."

बाबांनी माझा हात धरला. बाई त्याच स्टुलावर बसल्या होत्या. त्या चटकन उठतील असं मला वाटलं, पण त्यांनी उलट दोन्ही हातांनी स्टुलाची कड पकडली. गल्लीत रिक्षांचे हॉर्न वाजत होते, कोणी भाजीचा भाव करत होतं, आणि आम्हा तिघांना एकाच वेळी एक गोष्ट कळली होती. सुजाता जिवंत होती. आई शोधतेय हे तिला समजलं होतं. आणि समजल्याबरोबर तिनं ओळखीची तेवढी एक खूण पुसून टाकली होती.

"बाई, आपण पोलिसांत जाऊ," बाबा म्हणाले. "जिग्नेशभाई, परत आली तर तिला थांबवून ठेवा, आम्हाला फोन करा."

"पकडून ठेवायला ती उंदीर आहे का, सावंत?" बाई म्हणाल्या. चेहरा वेगळाच दिसत होता, उजळलेला म्हणावा असा. मला तो बघून दुकानातून पळून जावंसं वाटलं. "तुम्हाला कळलं का, ह्यांनी सांगेपर्यंत तिनं ते पुसलं नव्हतं. इतकी वर्षं ठेवलं होतं. लिहायचं नव्हतं कोणाला, तरी ठेवलं होतं."

मग त्यांनी शेजारचा, विक्रीला मांडलेला लॅपटॉप पुढे ओढला. मेनू उघडला आणि स्वतःच्या हातानं एक नवा शॉर्टफॉर्म भरला. अक्षरं तीच, 'एन-के'. आणि वाक्य: ये. काही विचारणार नाही. त्याच्यासोबत क्लासचा 'वाय-एफ'ही भरला. मी विचारलं, तो कशाला? बाई म्हणाल्या, "दुकानदारानं मशीन फॉरमॅट केलं तर दोन्ही जातील. तिनं पुसलं तर एकच जाईल." जिग्नेशभाईंच्या परवानगीनं त्यांनी दुकानातल्या सगळ्या मशीनवर ती जोडी भरली.

पुढचे कित्येक रविवार त्या गिऱ्हाइकांबरोबर गेल्या आणि गिऱ्हाईक नसलं तर एकट्या गेल्या. आता जिग्नेशभाई त्यांना अडवत नसत. त्यांच्या हाताखालून गेलेले लॅपटॉप गोडदेवात, पेणकरपाड्यात, पार डोंगरीपर्यंत पोचले आणि पोरांना अभ्यास करता करता अचानक पडद्यावरून कोणीतरी 'ये' म्हणायला लागलं. दोन-तीन आया घाबरून क्लासवर आल्या होत्या. बाईंनी त्यांना शांतपणे ते कसं पुसायचं ते शिकवलं आणि वर जेवलात का, असं विचारलं नाही. त्यांनी प्रश्न विचारणं सोडूनच दिलं होतं. आम्ही क्लासमध्ये येऊन बसायचो, जायचो, कोणी काही विचारायचं नाही, आणि मला तो क्लास पोरका वाटायचा.

असाच एक रविवार. मी बाईंबरोबर होते. त्यांनी एकामागून एक मशीनवर 'एन-के' दाबलं. ये, काही विचारणार नाही. ये, काही विचारणार नाही. भिंतीकडच्या मशीनवर मात्र दोन अक्षरं तशीच राहिली. बाईंनी 'वाय-एफ' दाबलं. 'युवर्स फेथफुली' उमटलं.

दुकान उजेडानं भरलेलं होतं आणि जिग्नेशभाई कोणाला तरी माउस दाखवत होते. मी मागे वळून दाराकडे पाहिलं. गल्लीत बायकाच बायका, निम्म्यांच्या तोंडाला स्कार्फ.

"येऊन गेली," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी तेच वाक्य परत भरलं.

मग ते तसंच चालू राहिलं. महिने महिने काही नाही, आणि मग एखाद्या रविवारी एका मशीनवरचं वाक्य गेलेलं. कधी या टोकाचं मशीन, कधी त्या. जिग्नेशभाईंना कधीच काही आठवायचं नाही. दिवसाला किती लोक येतात, कोणाकोणाला बघणार. बाबांच्या मते कोणीतरी टारगट पोरं करत असणार. बाई वाद घालत नसत. आई-मुलीचं बोलणं असंही असू शकतं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आता माझी स्वतःची मुलगी माझ्या फोनला एका अंगठ्याच्या चित्रानं उत्तर देते, तेव्हा पटतं.

मी कॉलेजात गेले तोवर बाईंचे गुडघे गेले होते, मग छाती. क्लास बंद झाला. रविवारी त्यांच्याऐवजी मी जायला लागले. परत आल्यावर त्या पलंगावरून नुसतं बघायच्या, आणि मी म्हणायचे, "सगळीकडे वाक्य आलं, बाई." त्या मान हलवायच्या आणि कूस बदलायच्या. क्वचित कधी म्हणायला मिळायचं, "एका ठिकाणी नाही आलं." मग त्या उठून बसायच्या, उशी पाठीला घ्यायच्या आणि मला चहा करायला लावायच्या. माणसं आजारपणात औषधानं सुधारतात, बाई मशीन गप्प राहिल्यावर सुधारायच्या.

त्या गेल्या तेव्हा पन्नास-साठ माणसं जमली होती, बहुतेक सगळ्या त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायका. बुद्धवंदना झाली. मी येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा न्याहाळत होते, आणि सुजाता कशी दिसते हेच मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी जिग्नेशभाईंकडे गेले. सगळ्या मशीनवर 'एन-के' दाबून पाहिलं. ये, काही विचारणार नाही. बोलावणारी बाई उरली नव्हती आणि बोलावणं मागे चालू होतं. मला ते सोसेना. मी स्टूल ओढलं आणि एकेका मशीनवर ते वाक्य पुसून नवं भरलं: आई गेली. शेवटपर्यंत काही विचारलं नाही. लिहिताना मला रडू येत होतं. जिग्नेशभाईंनी न बोलता चहा आणून ठेवला. शेजारचा 'वाय-एफ' मी तसाच राहू दिला.

काही आठवडे गेले. मग एका दुपारी मी गेले तेव्हा दुकानात गर्दी होती. मी टोकापासून सुरुवात केली. पहिल्या मशीनवर मी लिहिलेलं वाक्य उमटलं नाही. 'वाय-एफ' उमटलं. दुसऱ्यावरही तसंच. तिसऱ्यावरही. मी शेवटच्या मशीनपर्यंत गेले. एकूणएक मशीनवरचं पुसलेलं होतं.

जिग्नेशभाई म्हणाले, सकाळी एक बाई आली होती, खूप वेळ बसली, काही घेतलं नाही.